टाकू का नको

बोंबलांची पुडी सोडताना कर्णिकांना ते पत्र पुन्हा आठवलं.

पुडीचा कागद 'गाढीकाठ' पेपरचा होता, गेल्या आठवड्यातला. खारट डागाखाली एक चौकट दिसत होती, 'पनवेल-उरण विभागाचा अंदाज', आणि तिच्यातल्या चार ओळी कर्णिकांच्याच होत्या. 'आकाश अंशतः ढगाळ राहील. तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता नाकारता येत नाही.' त्यांनी बोंबील डब्यात भरले, कागदाची घडी घातली आणि ती टाकावी की ठेवावी या विचारात ओट्यापाशी उभे राहिले. किशोरी असती तर म्हणाली असती, "आलं का घरी? साभार परत?" मासळी बाजारातून असं आपलंच लिखाण बोंबलांभोवती गुंडाळून परत आलं की ती हटकून हे म्हणायची, आणि कर्णिक हटकून हसायचे. आता घरात म्हणणारं कोणी नव्हतं. हसणंही आपोआप बंद पडलं होतं, जुन्या घड्याळासारखं. बंद कधी पडलं तेही लक्षात आलं नव्हतं.

पत्र जाड शब्दकोशात होतं. काढून वाचायची गरज नव्हती. वहीच्या पानावर, शाळकरी मुलीच्या गोल अक्षरात लिहिलेलं ते पत्र त्यांना पाठच होतं.

'हवामान लिहिणारे साहेब यांस, नमस्कार. मी गुणाबाई नाखवा, राहणार करंजा. पत्र माझी नात कोमल लिहिते. तुमी पेपरात लिवता तुरळक ठिकाणी पाऊस पडल. आमी बोंबील वलांडीवर सुकत टाकतो. सुकायला तीन-चार दिस लागतात. तुरळक म्हंजे आमच्याकडं का दुसरीकडं ते कलत नाय. तर तुमी येक करा. पावसाचं सांगू नका. टाकू का नको येवढंच सांगा. हां नायतर ना. कळावे, आपली विश्वासू.'

पत्र आलं तेव्हा कर्णिक हवामान कार्यालयातून निवृत्त होऊन 'गाढीकाठ'मध्ये नुकतेच लिहू लागले होते. त्यांनी त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला घेतलं. 'आपले पत्र मिळाले. अंदाज हा संपूर्ण विभागासाठी असल्याने विशिष्ट ठिकाणाबाबत निश्चित विधान करणे...' इथून सुरुवात करून ते वाऱ्यांच्या दिशांपर्यंत पोचले. किशोरीने चहा ठेवता ठेवता खांद्यावरून वाचलं.

"अहो, ती दोन शब्दांत उत्तर मागतेय आणि तुम्ही दोन पानं लिहिताय."

"दोन शब्दांत देता येत असतं तर..."

"तर?"

दोन पानं फाडली गेली. पुढच्या रविवारी पुन्हा लिहू, मग दिवाळीनंतर लिहू, असं होता होता पत्र शब्दकोशात गेलं आणि तिथेच राहिलं.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. इंग्रजीत येणारा अंदाज मराठीत करायचा. त्यासाठी शब्दांची एक शिडी ठरलेली असे. सगळ्यात खालची पायरी 'तुरळक ठिकाणी', मग 'काही ठिकाणी', मग 'बऱ्याच ठिकाणी', सगळ्यात वर 'सर्वदूर'. शिडी शहाण्या माणसांनीच बनवली होती, त्यात खोट काही नव्हती. पण कर्णिकांचा पाय खालच्या पायरीवर जो रुजला तो रुजलाच. जिल्ह्याच्या एखाद्या कोपऱ्यात पाऊस पडला तरी 'तुरळक' खरं, कुठेच नाही पडला तरी अगदीच खोटं नाही. पुढेपुढे घरातही त्यांच्या तोंडून तीच भाषा येऊ लागली. शेवटच्या आजारात किशोरीने दवाखान्यातल्या खाटेवरून विचारलं होतं, "बरी होईन ना हो मी?" कर्णिक म्हणाले, "शक्यता आहे." ती तशा अवस्थेतही हसली. "तुरळक ठिकाणी?"

फोन वाजला. शैलेशचा होता. 'गाढीकाठ' त्याच्या वडिलांनी काढलेला चार पानी पेपर, आता तोच चालवायचा.

"काका, चार ओळी राहिल्यात."

"देतो. नकाशा बघतोय अजून."

"बघा, बघा. पण आज जरा दम असू द्या. हेडिंगला 'पनवेल गारठणार' टाकू?"

"गारठणार असं नाही म्हणता येणार. किमान तापमानात दोन-तीन अंशांनी..."

"अहो काका, तेवढ्यात आमची आई गारठते. कालच गोधडी काढलीन तिने."

"मग 'गारठ्याची शक्यता' टाक."

"शक्यता!" शैलेश खो खो हसला. "काका, तुम्ही भटजी असतात ना, तर 'शुभमंगल सावधान'ऐवजी 'शुभमंगलाची शक्यता' म्हटलं असतंत."

कर्णिकही थोडं हसले आणि पुन्हा नकाशाकडे वळले. उत्तरेत शीत आघाडी आली होती आणि पूर्वेकडे सरकत होती. तिच्या मागून उत्तरेचा थंड, कोरडा वारा कोकणात उतरणार, हे दिसत होतंच. घोळ होता तो आघाडीच्या शेपटाचा. ढगांचा एक पट्टा समुद्रावर खाली लोंबत होता. तो वरच्या वर गुजरातेकडून निघून जाईल की जाता जाता रायगडला चाटून जाईल, हे कळत नव्हतं. कर्णिकांना आतून वाटत होतं की निघून जाईल. आतून वाटतं ते लिहायची मात्र त्यांना सवय नव्हती. त्यांनी लिहिलं, 'शीत आघाडी पूर्वेकडे सरकल्यानंतर उत्तरेकडील कोरड्या वाऱ्यांमुळे किमान तापमानात घट होईल. तत्पूर्वी तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता.' आणि दिवसभराचं ओझं वाहिल्यासारखे आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन पनवेलमधल्याच उरण नाक्यावरच्या बाजारात गेले. घरी बोंबील होते. पण सोडे संपले होते, आणि खरं सांगायचं तर बाजारात गेलं की कोणीतरी दोन शब्द बोलतं.

गुणाबाई सुक्या मासळीच्या ओळीत कडेला बसायची. कर्णिक तिच्याकडून कितीतरी वर्षं बोंबील नेत होते. आपण नाखव्यांची गुणाबाई, करंजाची, हे ती कोणाशीतरी भांडताना बोलली होती, तेव्हा कर्णिकांच्या हातातली पुडी निसटली होती. पण 'ते पत्र मला आलं होतं' हे तिला सांगायचं त्या दिवशी राहिलं, मग राहतच गेलं. चष्मा, खादीची पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं पुस्तक पाहून तिने त्यांना मास्तर ठरवून टाकलं होतं. कर्णिकांनी तेही कधी दुरुस्त केलं नाही.

"आलं गो तुझं मास्तर," शेजारची भामा म्हणाली. ती सोडे आणि वाकट्या विकायची. "आता म्हावरा राहील बाजूला, पुडीचा कागद वाचत बसतील."

"वाचू दे की. तुला येतंय काय वाचाया?" गुणाबाई म्हणाली. मग तिने बैठकीखालून आजचा 'गाढीकाठ' ओढून काढला. "मास्तर, बरा झाला आलात. ह्यात बगा तो मेला आज काय लिवतोय. माझा चष्मा करंजालाच ऱ्हायला."

कर्णिकांनी चौकट शोधल्यासारखं केलं. आपल्याच चार ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या. 'तुरळक ठिकाणी' या शब्दांपाशी आवाज जरा खाली गेला.

"तुरळक!" गुणाबाईने हात आपटला. "जल्ला त्याचा तुरळक! रोज त्योच तुरळक. आन त्याचा तुरळक नेमका माझ्याच वलांडीवर येऊन पडतो."

"त्याच्या बायकोला इचारला पायजे," भामा म्हणाली. "घरात तरी सरल बोलतो का? जेवाया वाढू काय इचारला तर बोलत असल, तुरळक ठिकाणी वाढ!"

दोघी हसल्या. कर्णिकही हसले. हे किशोरीला ऐकवायला हवं होतं, असं त्यांना वाटलं आणि हसू अर्ध्यात राहिलं.

गुणाबाईचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, "थांब गो, थांब, बोलते," म्हणून छातीशी धरला आणि कर्णिकांकडे वळली. तिचा चेहरा बदलला होता.

"मास्तर, मस्करी ऱ्हाऊ दे. येक इचारते. पाटं आमच्या होड्या आल्यान. बोंबील लय गावलाय, दोन-तीन सालांत गावला नव्हता येवढा. बर्फाची गाडी उभी हाय बंदरावर. नात इचारते, गाडीत भरू का वलांडीवर टाकू? गाडीत दिला तर त्यो गेला, आमचा नाय ऱ्हायला. टाकला तर सुका होईल, पावसाल्यापरयंत मी बाजारात बसन. आन पावसानं गाठला तर समदा खत." तिने दम घेतला. "पुढल्या साली ती जागा पन नाय. रस्ता जानार तिकडनं. ही सेवटची टाकनी समजा. तुमी शिकलेली मानसं. तुमी सांगा. टाकू का नको?"

इतकी वर्षं शब्दकोशात पडून असलेला प्रश्न समोर येऊन बसला होता, आणि फोनच्या त्या टोकाला तो लिहिणारी कोमलच होती.

"त्याचं असं आहे, गुणाबाई," कर्णिकांनी सुरुवात केली, "अंदाज म्हणजे काय असतो, की सगळ्या विभागाचा..."

"त्याचा कसा हाय ता नको मना. टाकू का नको?"

भामाही सोडे निवडायची थांबली होती. कर्णिकांनी वर पाहिलं. बाजाराच्या पत्र्यांमधून आभाळाची एक चिंधी दिसत होती, निळी. सकाळी गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका स्वच्छ दिसला होता. पट्टा निघून जाईल असं आतून वाटत होतं.

"टाका," ते म्हणाले.

आवाज इतका अनोळखी वाटला, की मागे उभं राहून दुसरंच कोणी बोललं की काय, म्हणून त्यांनी वळून पाहिलं.

"टाक गो, कोमल," गुणाबाई फोनमध्ये ओरडली. "समदा टाक. गाडीला सांग, जा तू. कोन काय? मास्तर बोललेत!"

कुठले मास्तर, असं बहुधा पलीकडून विचारलं गेलं नाही.

घरी आल्यावर सोडे पिशवीतच राहिले. कर्णिक खुर्चीत बसून फोनवर ढगांची चित्रं बघत राहिले. दुपारपर्यंत पट्टा जागचा हलला नाही. दिवेलागणीला त्याचं खालचं टोक किंचित दक्षिणेकडे वळल्यासारखं दिसलं. चष्मा पुसून पाहिलं तरी ते वळलेलंच होतं. कार्यालयात असते तर अशा वेळी दुसऱ्या कोणाला तरी हाक मारली असती, दोघांनी मिळून मान डोलावली असती आणि शब्द तोच ठेवला असता. इथे शब्द देऊन झाला होता. पेपरात 'तुरळक' छापलेलं होतंच, पेपरातले कर्णिक सुरक्षित होते. बाजारातले कर्णिक मात्र उघड्यावर पडले होते.

सकाळी ते गच्चीवर गेले. कर्नाळा नव्हता. त्या जागी राखाडी भिंत उभी होती आणि हवेत ओल होती. गुणाबाईला फोन करावा तर नंबर नव्हता, आणि असता तरी फोनवर काय सांगणार? तत्पूर्वी तुरळक ठिकाणी?

खाली येऊन त्यांनी छत्री घेतली, मफलर घेतला, सवयीने पिशवीत पुस्तक टाकलं आणि पुन्हा काढून ठेवलं. गुडघे कुरकुरत होते. एस. टी. स्टँडवर उरणच्या गाडीला रांग होती. जासईच्या आसपास गाडीच्या काचेवर पहिले थेंब उमटले, इतके बारीक की शेजारच्या माणसाचं लक्षही गेलं नाही. कर्णिक मात्र थेंब थेंबाला मिळून ओघळ होताना शेवटपर्यंत बघत बसले. आयुष्यभर पावसाबद्दल लिहिलं, पण पाऊस पडतोय म्हणून घराबाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ, असं त्यांच्या मनात आलं.

करंजाला रिक्षावाल्याने वलांडीच्या तोंडाशीच सोडलं. बांबूंच्या उंच चौकटींवर दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि दोरीदोरीवर बोंबील लोंबत होते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीच्या अलीकडे-पलीकडे सोडलेले. नजर पोचेल तिथपर्यंत. पाऊस म्हणावा असा नव्हताच, भुरभुर होती. पण ती बोंबलांच्या अंगावर चमकत होती. दहा-बारा बाया हात चालवत होत्या. जोडी सोडवायची, पाटीत टाकायची, पाटी ताडपत्रीखाली ओतायची. गुणाबाई पालथ्या पाटीवर बसून खालची दोरी रिकामी करत होती आणि तोंडाने सगळ्यांना हाकत होती.

"मास्तर?" तिने डोळ्यांवर हात धरला. "तुमी कुठं हिकडं?"

रस्ताभर जुळवलेली वाक्यं कर्णिकांनी सोडून दिली. "उतरवायला आलो," ते म्हणाले.

गुणाबाईने त्यांच्या पायापासून छत्रीपर्यंत नजर फिरवली.

"मंग छत्री मिटा. छत्री धरून बोंबील निघत नाय."

त्यांनी छत्री मिटून बांबूला टेकवली. पहिलीच जोडी त्यांनी ओढली आणि बोंबील मधोमध तुटून हातात आला. बाजूची मुलगी हसली. सलवार-कमीजवर जुना शर्ट चढवलेली, केस वर बांधलेली.

"ओढू नका, काका. जबडा दाबा. हे बघा, असं. आपोआप सुटतं."

"तू कोमल का?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"अक्षर..." कर्णिक बोलून गेले आणि अडखळले. "आजी नाव घेत होती बाजारात."

मग बोलणं राहिलं. बोंबलाचे दात केसांसारखे बारीक असतात आणि आत वळलेले असतात. जबडा दाबताना ते बोटांत रुतत. चार जोड्यांनंतर बोटं चुरचुरू लागली, मिठाच्या पाण्याने अधिकच. कंबर दुखली, चष्म्यावर पाणी साचून समोरचं सगळं फुटकं-फुटकं दिसायला लागलं. कर्णिकांनी चष्मा खिशात ठेवला. जबडा बोटांना कळत होता, चष्म्याची गरज नव्हती. एक दोरी संपली, दुसरी धरली. सरकत सरकत ते गुणाबाईच्या जवळ आले.

"गुणाबाई," ते म्हणाले. चष्मा नसल्यामुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून बोलणं सोपं गेलं. "माझं चुकलं. मीच टाका म्हणालो."

"मंग? मी काय आंधली हाय?" तिचे हात थांबले नाहीत. "संध्याकाली घरी आले तवा मला पन ढग दिसलं. मना वाटला, येतोय बगा. पन टाकला व्हता, टाकला. टाकायचाच व्हता मना मास्तर, सेवटचा म्हनून. कोनीतरी 'टाक' बोलाया पायजे व्हता. माझा दादला व्हता तवा त्यो बोलायचा."

"त्यांना कळायचं वाऱ्याचं?"

"कसला कलतंय! लय चुकायचा." गुणाबाई हसली, आणि हसता हसता तिने डोळ्यांवरचं पाणी कोपराने पुसलं. "पन चुकला का पयला त्योच धावायचा ताडपत्री घेऊन. शिव्या घालीत धावायचा. आभालाला, मना, सोताला. मंग काय रागावनार? ह्यो पेपरवाला बगा. जल्ला रोज लिवतो, येकदा तरी आला का वलांडी बगाया?"

"भित्रा असेल," कर्णिक म्हणाले.

"भित्रा? त्याच्यावर थोडाच पानी पडतंय!"

कर्णिकांच्या मानेवरून पाण्याचा एक ओघळ सदऱ्यात उतरला. जबडा दाबून त्यांनी पुढची जोडी सोडवली.

दुपारकडे भुरभुर थांबली. तोवर बहुतेक माल ताडपत्रीखाली गेला होता. वरच्या दोऱ्यांवरचा, हाताला उशिरा लागलेला, मऊ पडला होता. कोमलने तो वेगळा काढला. बराच मोठा ढीग झाला. गुणाबाई उठून त्या ढिगाजवळ गेली, एक बोंबील बोटांत दाबून पाहिला आणि परत ठेवला. "ह्यो गेला," एवढंच म्हणाली. कोणीतरी कोरा चहा आणला. कर्णिकांना पेला दोन्ही तळव्यांत धरावा लागला, बोटं वळतच नव्हती.

चहा निम्मा झाला असेल, तेव्हा त्यांना जाणवलं. ओला सदरा पाठीला चिकटला होता तो अचानक गार पडला. वारा फिरला होता. इतका वेळ समुद्राकडून खारट, चिकट वारा येत होता. आता उजव्या गालावर कोरडी, धारदार झुळूक लागत होती. थांबली. पुन्हा आली, आणि या वेळी थांबली नाही. ताडपत्रीची कड फडफडू लागली. उत्तरेला ढगांच्या खाली उजेडाची फट पडली होती.

बायांनाही कळलं होतं. एकीने पदर डोक्यावरून घेतला. सगळ्या गुणाबाईकडे बघू लागल्या, आणि गुणाबाई कर्णिकांकडे.

"काय मास्तर? आता? परत टाकू का नको?"

सगळ्या हसल्या. हसण्यात टोचणी नव्हती, पण प्रश्न खरा होता. कर्णिकांनी पेला खाली ठेवला. काल चुकलेला माणूस आज काय सांगणार, असं म्हणून बाजूला होता आलं असतं. त्यांना फार थकल्यासारखं वाटत होतं. पण तो थकवा नेहमीचा, खुर्चीत बसून येणारा नव्हता.

"टाका," ते म्हणाले. या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"आणि परत चुकलं तर, काका?" कोमलने चेष्टेनेच विचारलं.

उत्तर कर्णिकांना लगेच सुचलं होतं. पण एवढ्या बायांसमोर ते बोलता येण्याजोगं नव्हतं. त्यांनी खिशातून चष्मा काढून उगाच पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पाटीतली पहिली जोडी उचलली. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा. हे अडकवणं सोडवण्यापेक्षा अवघड निघालं. खालच्या दोन दोऱ्या त्यांनी भरल्या. शेवटची गाडी चुकेल म्हणून गुणाबाईनेच त्यांना हाकललं. निघताना तिने हातात एक पुडी ठेवली. आदल्या हंगामातले खडखडीत सुके बोंबील, 'गाढीकाठ'च्या कागदात.

रात्रीतून पारा उतरला. सकाळी गच्चीवर गेले तेव्हा कर्नाळा हात लावावा इतका जवळ आला होता. सुळक्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसत होत्या. रस्त्यावर माणसं तोंडाला मफलर गुंडाळून चालली होती. शैलेशचा फोन आला.

"काका, मी 'पनवेल गारठलं' असं टाकतोय. 'शक्यता' नाही घालणार हां, आधीच सांगतो."

"नको घालूस."

"काय?"

"नको घालूस म्हटलं. आणि पुढच्या चार दिवसांसाठी लिही, हवामान कोरडं राहील."

"कोरडं राहण्याची..."

"राहील," कर्णिक म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांनी शब्दकोश काढला. पत्राच्या घड्यांवर कागद विरला होता. त्यांनी ते टेबलावर पसरून ठेवलं आणि एक आंतर्देशीय पत्र पुढे घेतलं. बोटं सुजली होती, अक्षर नेहमीपेक्षा मोठं आणि वाकडं येत होतं. त्यांनी कच्चं लिहून घेतलं नाही.

'श्रीमती गुणाबाई नाखवा यांस, स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. पेपरात हवामान लिहिणारा मीच. काल वलांडीवर आलो होतो.

आपण विचारले होते, टाकू का नको. टाका.

पाऊस आला तर उतरवायला येईन. जागा बदलली तर कळवावे.

आपला,
शांताराम कर्णिक
(मास्तर)'

कडांना गोंद लावून त्यांनी पत्र बंद केलं, मफलर गुंडाळला आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले. पेटीच्या तोंडाचा पत्रा गारठलेला होता. हात आत घालताना बोटांवरचे ओरखडे त्याला घासून पुन्हा चुरचुरले. त्यांनी पत्र सोडलं. ते तळाला टेकल्याचा बारीकसा आवाज आला. पेटीत दुसरं काही नसावं.